काकासाहेबांच्या नावाचा डबा

लोकांना शौचाचा नमुना मागितला की त्यांची खरी लायकी कळते, असं माझं सतरा वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे. आम्ही निळ्या झाकणाचा स्वच्छ डबा देतो, आत चमचा असतो, बाहेर नाव लिहायला चिठ्ठी असते. तरी एक मास्तर लोणच्याच्या बरणीतून घेऊन आले. एका बाईंनी मिठाईच्या खोक्यात आणला आणि आतला गुलाबी कागदही तसाच ठेवला. एका इंजिनिअरने मोबाइलवर फोटो काढून पाठवला आणि विचारलं, यावरून नाही का सांगता येणार? हा माणूस वाळूजच्या कंपनीत दोनशे लोकांवर साहेब आहे.

मी करुणा. बीड बायपासजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात जंतू तपासायची जी प्रयोगशाळा आहे, तिथे सीनियर टेक्निशियन. नमुने घ्यायच्या खिडकीवर बहुतेक वेळा मीच असते. माझं तोंड फटकळ आहे, हे हॉस्पिटलात कुणालाही विचारा, सांगतील.

मागच्या वर्षी आमच्या विभागप्रमुख डॉ. मंजुषा मॅडमनी एक प्रकल्प आणला. पोटात अल्सर करणारा एक जंतू असतो, एच. पायलोरी. कोणतं अँटिबायोटिक त्याला मारतं हे बघायचं तर आधी तो जिवंत वाढवावा लागतो, आणि त्यासाठी घशातून दुर्बिणीची नळी पोटात घालून तिथला कण काढावा लागतो. नळी म्हटलं की लोक पळतात. म्हणून मॅडमनी ठरवलं, जंतू शौचातून वाढवायचा. ठरवायला काय जातंय! हा जंतू इतका नाजूक की साध्या हवेतही त्याला जगवत नाही. शौचात त्याच्या आजूबाजूला असतात करोडो दांडगट जंतू, आणि वरून पित्त. त्यामुळे नमुना ताजा लागतो, दोन तासांच्या आतला. सकाळी आठ ते दहा ही वेळ. मग मी तो पातळ करायचा, पित्त धरून ठेवणारी पावडर घालायची, गाळायचा, रक्त घातलेल्या प्लेटवर पसरायचा आणि कमी ऑक्सिजनच्या बरणीत बंद करून सात दिवस वाट बघायची. आठव्या दिवशी बहुतेक वेळा प्लेट कोरी असते. चाळीस नमुने झाले तेव्हा दोनच उगवले होते. मॅडम मात्र परिषदांमधून "आमची पद्धत" म्हणून भाषणं करत होत्या. त्यांनी आजवर एकाही डब्याचं झाकण उघडलेलं नाही.

काकासाहेब आमच्याकडे आले ते ट्रस्टच्या कुणाच्या तरी ओळखीने. साठीचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांत तीन अंगठ्या. गारखेड्यात तीन मजली घर, गावाकडे बागायती, इथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दहा वर्षांपासून पोटात जळजळ. अल्सरच्या औषधांचे तीन कोर्स झालेले आणि तिन्ही अर्धवट सोडलेले, कारण बरं वाटायला लागलं की यांना गोळ्यांचा कंटाळा येतो. डॉक्टरांनी नळीची तपासणी सांगितली तर म्हणाले, "घशात पाइप सोडायला मी काय बोअर हाये का?" हे त्यांनी खिडकीवर मलाही ऐकवलं आणि स्वतःच हसले.

मग माझी चौकशी सुरू झाली.

"नाव काय म्हनले तुमचं?"

"करुणा."

"पूर्ण?"

"करुणा पुरे आहे."

"गाव कोणतं?"

"बजाजनगर."

"ते नव्हं. मूळचं."

ही गाडी कुठे चालली आहे हे मला लहानपणापासून पाठ आहे. उत्तर देण्याची गरजच पडली नाही. माझ्या कॉम्प्युटरशेजारी बुद्धाचा छोटा फोटो आहे, त्यावर त्यांची नजर गेली आणि त्यांना हवं ते मिळालं. मी डबा पुढे केला होता, त्यांचाही हात अर्ध्यावर आला होता. तो त्यांनी मागे घेतला. "तिथं ठेवा, घेतो मी," म्हणाले. मी डबा काउंटरच्या कोपऱ्यावर ठेवला. त्यांनी खिशातून नॅपकिन काढला आणि त्यात धरून तो उचलला. कोरा, सीलबंद, रिकामा डबा! उद्या त्यात स्वतःची घाण भरून आणणार होता हा माणूस, आणि विटाळ माझ्या हाताचा होत होता. त्या क्षणी त्यांच्याविषयी जो तिटकारा माझ्या मनात बसला, तो अजून जागचा हललेला नाही.

"पंधरा-पंधरा दिवसांनी तीन नमुने," मी सांगितलं. "दर खेपेला गुरुवारी. आठ ते दहा."

"आमचं पोट अकराशिवाय उघडत नाय. ते बी रोज उघडंल असं नाय."

"मग नळी आहेच," मी म्हणाले. ते नॅपकिनमधला डबा घेऊन निघाले.

पुढच्या गुरुवारी सव्वाआठला डबा हजर. घेऊन आली होती ती त्यांच्या घरची कामवाली. पन्नाशीची, काटकुळी, पायात रबरी चपला, डोक्यावर पदर. तिने आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"जयभीम, ताई. मी भामाबाई. काकासायबांकडून आले."

माझ्या मागे मंजुषा मॅडम पुण्याच्या दोन पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत होत्या. मी मान वर केली नाही.

"डबा तिथे ठेवा," मी म्हणाले, आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

का नाही म्हणाले जयभीम? चौदा एप्रिलला मी घसा बसेपर्यंत म्हणते. आमच्या विहारात म्हणते, घरी आल्यागेल्याला म्हणते. पण माझी आई सुलेखा सिडकोतल्या चार बंगल्यांत भांडी घासायची, आणि शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर मागच्या दाराशी उभी असायचे. त्या दारापासून या पांढऱ्या कोटापर्यंत मी फार कष्टाने आले. खिडकीवर, पाहुण्यांसमोर, रबरी चपला घातलेल्या आणि दुसऱ्याची शी वाहून आणणाऱ्या बाईने मला आपल्यातलं म्हणावं, हे मला नको होतं. हे लिहिताना लाज वाटते आहे. तेव्हा वाटली नव्हती.

तो पहिला नमुना वाया गेला. प्लेटवर भलतेच जंतू माजले. पंधरा दिवसांनी दुसरा डबा आला.

"जयभीम, ताई."

"ठेवा तिथे. आणि काउंटरवर टेकू नका, नुकतंच पुसलंय."

ती दोन्ही हातांनी काउंटर धरून उभी होती. तिने हात काढले, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली. मी तिच्या पाठमोऱ्या चालीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, काय ही बाई, सकाळी सकाळी पेंगते आहे.

दुसरा नमुना पातळ आणि गडद होता. मला बरं वाटलं. पोट धावत असलं तर जंतू आतड्यात रेंगाळत नाही, जिवंत खाली येण्याची शक्यता वाढते. आणि खरंच, आठव्या दिवशी बरणी उघडली तर प्लेटवर पाण्याच्या बारीक थेंबांसारखे ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या काड्या, आणि चाचणीच्या द्रावणात टाकताच दोन मिनिटांत गुलाबी. एच. पायलोरीच. सतरा वर्षांत मी फार थोड्या वेळा खुर्चीवरून उठून उभी राहिले आहे, त्यातली ही एक. मंजुषा मॅडमनी प्लेटचा फोटो काढला, प्लेट हातात धरलेला स्वतःचाही काढला.

मग खरं काम. वाढलेला जंतू नव्या प्लेटवर सगळीकडे सारखा पसरायचा आणि त्यावर औषधांच्या पट्ट्या ठेवायच्या. जे औषध जंतूला मारतं, त्याच्या पट्टीभोवती स्वच्छ जागा तयार होते. जे मारत नाही, त्याच्या पट्टीला जंतू येऊन चिकटतो. या शहरात मेट्रोनिडाझोलची पट्टी ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. जरा जुलाब झाले की लोक मेडिकलवरून ती गोळी आणून पेपरमिंटसारखी खातात, जंतू तिला केव्हाच ओळखून बसलेले असतात. क्लॅरिथ्रोमायसिनचंही हळूहळू तेच होत चाललं आहे.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी मी पट्ट्या वाचल्या. सगळ्यांभोवती मोठमोठी स्वच्छ जागा. मेट्रोनिडाझोल चालतं. क्लॅरिथ्रोमायसिन चालतं. अमॉक्सिसिलिन चालतं. या जंतूने औषध कधी पाहिलेलंच नव्हतं. मी केस पेपर काढला. काकासाहेबांनी क्लॅरिथ्रोमायसिन तीनदा घेऊन तीनदा अर्ध्यावर सोडलेलं. अशा माणसाच्या पोटातला जंतू इतका भोळा असणं जवळजवळ अशक्य होतं. मी पट्ट्या पुन्हा वाचल्या, मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात खिडकीवर तिसरा डबा आला.

"जयभीम, ताई," भामाबाईचा आवाज फार बारीक आला.

"तिथे," मी प्लेटवरची नजर न काढता म्हणाले.

डबा उघडला आणि त्या वासाने मी मागे सरकले. डांबरासारखं काळं, चिकट. हा वास एकदा आला की माणूस विसरत नाही. पोटात रक्त वाहून ते आतड्यातून खाली येतं तेव्हा असा वास येतो. मी लगेच मॅडमना सांगितलं, मॅडमनी फोन लावला, आणि अर्ध्या तासात काकासाहेब गाडीतून आले. रांगेतल्या वीस लोकांना बाजूला सारून त्यांना आत नेलं. रक्त काढलं, नाडी बघितली, खासगी खोलीत आडवं केलं, नारळपाणी दिलं. हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन आलं. गाल लालबुंद. आतून रक्त वाहणाऱ्या माणसाचा रंग असा नसतो.

"लोहाच्या गोळ्या घेत असतील, त्यानेही शी काळी होते," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी खोलीत जाऊन विचारलं. "रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत का?"

"आमच्या घरात कुणाला बी रक्ताची कमी नाय," काकासाहेब नारळपाण्याची नळी तोंडातून काढून म्हणाले.

तिथेच मला कळलं. ही शी यांची नव्हे. मागचीही नसणार. या माणसाने कुणाची तरी घाण स्वतःच्या नावाने पाठवली होती.

आणि मला आनंद झाला. राग आला नाही, काळजी वाटली नाही. चक्क आनंद झाला. नॅपकिनमध्ये डबा उचलणारा हा गृहस्थ माझ्या हातात पुराव्यासकट सापडला होता. मॅडमना तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांनी ते झाकून टाकलं असतं, ओळखीचा माणूस म्हणून. म्हणून मी गप्प राहिले. काकासाहेबांना म्हणाले, "एक नमुना पुन्हा लागेल. सोमवारी. इथे येऊन, आमच्या संडासात द्यायचा, माझ्यासमोर डबा घ्यायचा आणि माझ्या हातात आणून द्यायचा." त्यांचं तोंड पडलं. माझा तो शुक्रवार, शनिवार, रविवार फार मजेत गेला. सोमवारी काय बोलायचं, कुणाकुणासमोर बोलायचं, हे मी स्कूटीवरून जाता-येता घोकत होते.

ती शी मग कुणाची, हा प्रश्न मला पडलाच नाही असं म्हटलं तर मला सोपं जाईल. पडला होता. असेल घरातलं कुणीतरी, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला.

सोमवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, काकासाहेब आले नाहीत. मी फोन लावला.

"अवो तिथं येऊन द्यायचं म्हंजी आमाला काय जमायचं नाय," ते म्हणाले. "आन घरून पाठवायचं तर बाई नाय. शुक्रवारपासनं आलीच नाय ती."

"बाईचं काय काम? डबा ड्रायव्हर आणून देईल."

"आणायला कुणी बी आणंल. पन भरायचा कुणी?"

त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं. "तुमचं ते आठ ते दहा आमाला जमत नाय, म्हनून तिला सांगितलं. तिचं बरोबर आठला हुतं. घाणीचं काम हाये, तिनं केलं. शी ती शी, त्यात माझी काय आन तिची काय? आन रिपोर्ट तर चांगला आला ना?"

अकरा वर्षं त्या घरात भामाबाईचा चहाचा कप वेगळा होता, हे मला नंतर समजलं. कप वेगळा, पण शी चालत होती.

फोन कानाशी धरूनच मी रजिस्टर ओढलं आणि तारखा बघितल्या. गुरुवार ते सोमवार. चार दिवस. काउंटर धरून उभी असलेली ती, भिंतीला हात लावत गेलेली ती. मी तिला पेंगुळलेली म्हटलं होतं.

"कुठे राहते ती?"

"मुकुंदवाडीत कुठंतरी."

"आडनाव काय?"

"आता ते काय... आमी भामाबाईच म्हनतो."

माझी जात काढायला यांना दोन मिनिटं लागली नव्हती. जिने अकरा वर्षं यांची खरकटी काढली, तिचं आडनाव यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यांच्या बायकोने फोन घेतला आणि विहाराच्या मागची गल्ली सांगितली.

निघताना व्हरांड्यात मंजुषा मॅडम भेटल्या. मी एका दमात सांगितलं, नमुने काकासाहेबांचे नाहीत, त्यांच्या कामवालीचे आहेत, आणि तिच्या पोटात रक्त वाहतंय, मी तिला आणायला चालले आहे.

मॅडमनी डोळे मिटले. "म्हणजे आपला तो चांगला नमुना गेला?" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "थांब, जात नाही. वय आणि लिंग दुरुस्त करू. फक्त तिची संमती नाहीये आपल्याकडे. जातेच आहेस तर सही घेऊन ये." आणि हातातल्या फाइलमधून फॉर्म काढून त्यांनी खरोखर माझ्या हातात दिला. सोबत पेनही दिलं.

भांडायला वेळ नव्हता. मी फॉर्म पर्समध्ये कोंबला आणि निघाले.

विहाराच्या मागे पत्र्याची खोली. दार उघडंच होतं. भामाबाई जमिनीवर गोधडीवर पडल्या होत्या, शेजारची एक बाई त्यांना साखरपाणी पाजत होती. मी पायातल्या चपला काढायलाही विसरले. खाली बसून त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि उठून बसायची धडपड केली.

"ताई, तुमी कशाला आलात? डबा न्यायला का? आज न्हाई ओ जमलं. उठताच येईना."

"डबा नको आहे," मी म्हणाले. "किती दिवस झाले काळी होतेय?"

"झालं असतील दोन महिनं. मधनंमधनं हुती."

"कोणत्या गोळ्या खाता?"

त्यांनी उशाखालून पाकीट काढून दाखवलं. दुखण्यावरची गोळी. "गुडघ्याची हाय. सायबांकडच्या वहिनी देत्यात. दोन सकाळी, दोन सांजच्याला. त्याबिगर फरशी पुसायला बसता येत न्हाई." सकाळच्या दोन उपाशीपोटी, चहाबरोबर. आत आधीच जंतूने केलेला अल्सर आणि वरून रोज हे.

"दोन महिने! अहो, कुणाला सांगायचं नाही का?" मी ओरडलेच. माझी ती सवयच आहे.

भामाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना माझं ओरडणंच कळलं नव्हतं.

"सांगायचं काय त्यात, ताई? माझीच तर येत हुती तुमच्याकडं. तुमी मशिनीत घालून बघत हुता. नाव सायबाचं असलं तरी पोट माझंच की. म्हनलं, काय असतं तर आपल्या ताईंनी सांगितलंच असतं."

मी त्या पत्र्याच्या खोलीत बसून रडले. रिक्षा येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईला वाटलं मी त्यांची कुणी नातेवाईक आहे.

रिक्षावाल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बाजी को लिटाव, सीधा घाटी लेके जाताऊं." माझ्या मांडीवर डोकं ठेवून भामाबाई घाटीपर्यंत, म्हणजे सरकारी हॉस्पिटलापर्यंत आल्या; रक्त तिथेच लगेच मिळणार होतं. हिमोग्लोबिन चार पूर्णांक सहा. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना पळवतच आत नेलं. तीन पिशव्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी नळीची तपासणी. काकासाहेब जिला घाबरून शहरभर फिरले, ती नळी भामाबाईंनी मुकाट्याने गिळली. आत अल्सर दिसला, त्यातल्या उघड्या रक्तवाहिनीला चिमटा बसवला. डॉक्टर मला म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर उपयोग नव्हता." मी मान हलवली. चार तर मीच घालवले होते.

औषधं द्यायची वेळ आली तेव्हा मी पट्ट्यांचा रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात ठेवला. त्यांनी आश्चर्याने विचारलं, "शौचातून काढला? पहिल्यांदाच बघतोय." तो रिपोर्ट बघून चौदा दिवसांच्या गोळ्या ठरल्या. तो भोळा जंतू कुणाचा होता, ते आता उघड झालं होतं. त्या बाईला जन्मात कुणी अँटिबायोटिक दिलंच नव्हतं.

परत आल्यावर मी रजिस्टर काढलं. तीन ओळींमध्ये काकासाहेबांचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. लाल पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, भामाबाई जोगदंड. मॅडम म्हणाल्या, "सही आणलीस?" मी म्हणाले, "नाही आणली, आणि आणणारही नाही." त्यांनी दोन आठवडे माझं तोंड पाहिलं नाही, ते मला चांगलंच मानवलं.

वॉर्डात मी तीनदा गेले. गोळ्या कशा घ्यायच्या, गुडघ्याची गोळी का बंद, जेवायचं काय, सगळं बोलले. एवढंच बोलले. दर वेळी निघताना ते दोन शब्द जिभेवर यायचे आणि वॉर्डातली माणसं बघून मी पिशवी उचलायचे. चौथ्यांदा गेले तर घरी सोडलेलं होतं.

काकासाहेबांकडचं काम त्यांनी सोडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. सोडलं नव्हतं. पंधरा दिवस आराम करून त्या पुन्हा तीच फरशी पुसायला गेल्या. काकासाहेबांना मात्र हॉस्पिटलने निक्षून सांगितलं होतं, एक तर नळी, नाहीतर स्वतःचा डबा स्वतः आणा. मॅडमनी खास त्यांच्या पोटासाठी अकराची वेळ करून दिली. नव्वद रुग्णांना आठ ते दहा, आणि या एका आतड्याला अकरा.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी भामाबाई खिडकीवर आल्या. औषधांनी जंतू गेला की नाही हे बघण्यासाठी शौचाची एक साधी तपासणी असते, त्यासाठी मी त्यांना फोन करून बोलावलं होतं. घरची कामं उरकून आल्या होत्या, अकरा वाजत आले होते. चेहऱ्यावर रंग होता. डब्यावरच्या चिठ्ठीवर कुणीतरी लहान मुलाच्या अक्षरात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. काउंटरला हात न लावता त्यांनी डबा बरोबर कोपऱ्यावर ठेवला, जिथे मी बोट दाखवायचे तिथे. आणि काही न बोलता, मी पावती द्यायची वाट बघत उभ्या राहिल्या.

मी वाट पाहिली. त्या बोलल्या नाहीत. तीनदा बोलून बघितलं होतं त्यांनी.

प्रयोगशाळेत मंजुषा मॅडम होत्या, दोन नव्या मुली होत्या, खिडकीबाहेर रांग होती. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"जयभीम, मावशी," मी मोठ्याने म्हणाले.

भामाबाई दचकल्या. मी कुणाला म्हणते आहे ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे काकासाहेब उभे होते, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला डबा हातात धरून. त्यांना बघताच भामाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, लगबगीने भिंतीकडे सरकल्या आणि त्यांना वाट करून दिली.

आणि काकासाहेब पुढे आले.